रक्तातली भाऊबंदकी

माझ्या धाकट्या भावाच्या पायताणाचा आवाज बंद झाला, हे सगळ्यांत आधी माझ्या लक्षात आलं.

कापशी पायताण, म्हणजे जाड तळव्याची कोल्हापुरी चप्पल, करकरतं. तळव्याचे चामड्याचे थर एकमेकांवर घासले जातात आणि वाजतात; पण त्यासाठी वरून पुरेसं वजन पडावं लागतं. अमरसिंह जिना चढायला लागला की मी तिसऱ्या मजल्यावर चहाचं आधण ठेवायची, इतका तो आवाज भरवशाचा होता. त्या रविवारी दारावरची घंटा वाजली, उघडून बघते तर समोर अमर. जिन्यात काहीच वाजलं नव्हतं. पायताण तेच होतं. कोरडंही होतं. म्हणजे बदललेली गोष्ट एकच उरत होती.

"काय आक्का, बघालीस काय अशी? वळखलं न्हाईस व्हय?" तो हसला. "बारीक झालोय! सगळी म्हणत्यात, अमर, हिरो दिसाय लागलास!"

हिरो! शर्ट वाळत घातल्यासारखा खांद्यांवर लोंबत होता. हसला तेव्हा चेहऱ्यात गालांपेक्षा दातच जास्त दिसले. आल्या आल्या त्यानं माठातलं पाणी तांब्याभर प्यायलं, मग परत तांब्याभर, आणि मग "जरा बाथरूमला जाऊन येतो" म्हणून उठला. मी चहा ठेवायला विसरले.

आता मी कोण ते सांगते. मी संयोगिता. बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं आणि गेली कित्येक वर्षं कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका प्रयोगशाळेत लोकांच्या रक्तातली साखर मोजते आहे. माझ्या हातांखालून एवढी साखर गेली आहे की ती गाळून काढली तर एखाद्या कारखान्याचा अर्धा हंगाम निघेल! तेव्हा मी मनाशी ठरवलं: एका बैठकीत, सोप्या मराठीत, मी माझ्या माहेरच्या माणसांना मधुमेहाचे प्रकार समजावून सांगणार. विषय माझा. माणसं माझी. अवघड ते काय?

हे वाक्य मी मनात म्हटलं तेव्हा टेबलाची चांगली लाकडी फळी समोर होती. 'टच वुड' म्हणून तिला हात लावायला हवा होता.

अमरसिंह शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मोल्डिंग विभागाचा सुपरवायझर. चाळिशी नुकतीच ओलांडलेली. दोन वर्षांपूर्वी कारखान्याच्या तपासणीत त्याची साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी वय विचारलं, घरात कुणाला आहे का विचारलं. आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, होता. मग "टाईप टू" असं लिहून गोळ्या सुरू झाल्या. यात डॉक्टरांची चूक काढता येत नाही. अशा दहा माणसांत नऊ जणांना तोच असतो. अमर दहावा होता, आणि दहाव्याच्या कपाळावर तसं लिहिलेलं नसतं.

त्यानं पथ्य असं पाळलं की पथ्यालाच धाप लागावी! भात सोडला. चहातली साखर सोडली. सकाळी कारल्याचा रस, संध्याकाळी जांभळाच्या बियांची पूड, सुट्टीच्या दिवशी पन्हाळ्यावर पळत. साखर तरीही चढलेलीच. मग घरात त्याच्यावर चौकशी बसली.

"चोरून खातोय त्यो!" आईनं, म्हणजे तानाबाईंनी, निकाल दिला आणि काकवीची बरणी कडीकुलपात ठेवली.

त्याची बायको वर्षाराणी रोज संध्याकाळी तो दारात आला की त्याच्या हातांचा वास घ्यायची. पोलिसांच्या कुत्र्यांनाही एवढं शिक्षण नसतं! "गुळाचा वास येतोय का बघालोय, आक्का," ती मला फोनवर सांगायची. आमच्याकडच्या बायका पुरुषांसारखं 'बघालोय, गेलो, आलो' असंच बोलतात. त्यात काही विशेष नाही. विशेष हे, की गुळाचा वास कधीच आला नाही आणि त्यावरून कुणाला काही सुचलंही नाही. एक माणूस उपाशी राहून झिजत होता आणि त्याचं कुटुंब त्याच्या खिशात चिक्कीचे कागद शोधत होतं.

मी त्याचं रक्त घेतलं. नेहमीच्या साखरेखेरीज आणखी दोन तपासण्या लावल्या. निकाल आले ते मी दोनदा तपासले. मग मशीन तपासलं. मग खुर्चीत बसून राहिले.

शनिवारी मी टेंबलाईवाडीला अमरच्या घरी गेले. दिवाणावर अमर, समोर वर्षाराणी, खाली पाटावर आई. मी घसा साफ केला.

"अमर, तुला जे आहे ते टाईप टू नाही. टाईप वन आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, गांभीर्य पोचलं.

"म्हंजे दोनाचं एक झालं?" आईनं विचारलं.

"हो, म्हणजे—"

"जोतिबा पावला गं बाई!" आईनं पदर डोळ्यांना लावला.

अमर उठून उभाच राहिला. "बघ वर्षा! कारलं लागू पडलं का न्हाय? दोनावरनं एकावर! आता आनि जरा जोर लावला की झिरो!"

"अरे, ते नंबर असे उतरत नसतात!" मी ओरडले. मी सहसा ओरडत नाही. "तो काय चष्मा आहे? हे दोन वेगवेगळे आजार आहेत!"

"पर एक नंबर म्हंजे चांगलाच की, आक्का," वर्षाराणी समजुतीच्या सुरात म्हणाली. "वाईट ते दोन नंबरचं. दोन नंबरचा धंदा, दोन नंबरचा माल. एक नंबर म्हंजे कसं, एक नंबर!"

ज्या शास्त्रज्ञांनी या आजारांना आकडे दिले, त्यांनी ते देण्याआधी कोल्हापुरात एक मिसळ खाऊन जायला हवं होतं.

मी पुन्हा सुरुवात केली. टाईप टूमध्ये शरीर इन्सुलिन बनवतं, पण ते नीट लागू पडत नाही. टाईप वनमध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच मरत जातात. हा बहुतेक वेळा लहानपणी होतो, पण मोठेपणीही होतो. मोठेपणी तो सावकाश येतो, गोळ्यांनी काही दिवस दबल्यासारखा वाटतो, म्हणून लवकर ओळखू येत नाही. मी हे सगळं न अडखळता सांगितलं. वर्षाराणी लक्ष देऊन ऐकत होती. मग तिनं हात वर केला.

"मला झालेला त्यो कितवा? क्रांती पोटात हुती तवाचा?"

"तो गरोदरपणातला. तो आणखी वेगळा प्रकार."

"पर मी बाळंत झालो आनि तो गेला की! मग ह्यांचाच का जात न्हाय?"

"वर्षा, अमर बाळंत होणार आहे का?"

"संयोगिते!" आई कडाडली. "आजारी मानसाची चेष्टा करतीस? हेच शिकलीस व्हय कॉलेजात?"

मी माफी मागितली. मग मुद्द्याचं वाक्य बोलले. "अमर, तुला इन्सुलिन घ्यावं लागेल. रोज. सुईनं. गोळ्यांनी आता भागायचं नाही."

खोलीतली हवा बदलली. अमर हळूच खाली बसला.

"सुई न्हाय."

"अमर, ऐक—"

"आबांना दवाखान्यात सुई लावली आनि आठवड्यात आबा न्हाईत. सुई म्हंजे शेवट, आक्का. तुझ्या डोळ्यांदेखत झालंय. मला शिकवू नको."

आबांनी वर्षानुवर्षं गोळ्या देवळीत साठवल्या होत्या. पायाची जखम काळी पडल्यावर आम्ही त्यांना नेलं होतं. पण घरानं पाहिलं ते एवढंच: सुई आत गेली आणि आबा बाहेर आले ते चौघांच्या खांद्यावर. एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टींत पहिली दुसरीचं कारण असतेच असं नाही, हे मला कॉलेजच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. आमच्या घरात तेव्हा पहिल्या वर्षाला मी एकटीच होते.

"बरं, बघू," अमर शेवटी म्हणाला. "रानातला ऊस कारखान्याला जाऊ दे, मग बघू."

सोमवारी त्यानं शिरोलीत अख्ख्या मोल्डिंग विभागाला पेढे वाटले. मधुमेह दोनावरून एकावर आल्याबद्दल! लोकांनी पेढे खाल्ले, अभिनंदन केलं, दोघांनी कारल्याच्या रसाची कृती विचारून घेतली. त्यानं स्वतः एकही खाल्ला नाही. सगळं घर ज्याला चोर ठरवत होतं, त्या माणसाइतका प्रामाणिक रोगी मी दुसरा पाहिलेला नाही.

ऊस गेला. मी फोन केला. "क्रांतीची परीक्षा होऊ दे," तो म्हणाला. परीक्षा झाली. "जोतिबाची यात्रा होऊ दे, मग बघू." त्याच्या आवाजात आता धाप ऐकू यायची. दर वेळी 'बघू' म्हणताना तो मधे श्वास घ्यायचा.

मग मी विचार केला: अमर ऐकत नाही, तर वर्षाराणीला समजवावं. तिला समजलं तर ती त्याला सोडणार नाही. फक्त उदाहरण तिच्या ओळखीचं हवं. फोनवर आधी मी साखर कारखान्याची उपमा वापरली: गेटवर ट्रॉल्या उभ्या आहेत, पण आत घ्यायला मुकादमच नाही.

"पर आमचा ऊस कवाच गेला की, आक्का. ट्रॉली येळेवर आलती."

मग मी कुलूप-किल्ली वापरली. तिला काकवीची बरणी आठवली.

आणि मग मला ती उपमा सुचली. अचूक, नेमकी, आमच्या मातीतली!

"वर्षा, हे बघ. शरीरात राखणीला सैनिक असतात. बाहेरून जंतू आला की त्याला मारायचं, हे त्यांचं काम. अमरच्या शरीरात त्या सैनिकांनी आपल्याच पेशींवर हत्यार उचललंय. शत्रू समजून आपल्याच माणसांना मारतायत. म्हणजे काय झालंय? भाऊबंदकी! त्याच्या रक्तात भाऊबंदकी माजली आहे."

पलीकडून वर्षाराणीनं खोल श्वास घेतला. "अग्गं बाई! भाऊबंदकी!"

"समजलं?"

"चांगलंच समजलं, आक्का!"

इतकी खूश मी एम.एस्सी.च्या निकालाला झाले नव्हते.

आता आमच्या भाऊबंदकीविषयी. आमचं मूळ गाव नेसरी. तिथं आमचा चुलतभाऊ उदयसिंह राहतो. अमरच्या लग्नात उदयसिंहला बांधलेला फेटा नेमका फोटोच्या वेळी सुटला. फेटा सुटणं ही कापड, गाठ आणि घाम यांच्यातली घटना आहे. आमच्या घराण्यात ती राजकीय ठरली. "मुद्दाम ढिला बांधलासा!" म्हणून उदयसिंह जेवणाच्या पंगतीतून उठून गेला, आणि तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद.

वर्षाराणीनं फोन ठेवला आणि आईला सांगितलं, "आक्का म्हणाल्या, ह्यांचा आजार भाऊबंदकीनं झालाय." आईनं नेसरीच्या चिमणाबाई आत्याला फोन लावला: "भाऊबंदांनी घात केला गं माझ्या पोराचा. संयोगितानं रक्तात बघितलंय. मशीनवर!" चिमणाबाई आत्यांनी तो निरोप पाण्याच्या टाकीजवळ पोचवला, आणि तिथून तो गावात शिरला तेव्हा त्याला हातपाय फुटले होते: उदयसिंहनं अमरला कशातून तरी काहीतरी घातलं, आणि कोल्हापूरच्या लॅबमध्ये भाऊबंदकी पॉझिटिव्ह आली!

यात्रा झाली त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी मी पुन्हा टेंबलाईवाडीला गेले. आता अमरकडे सबब उरलेली नव्हती. अमर दिवाणावर भिंतीला टेकून बसला होता. शेजारी कळशी. तो बोलत नव्हता, नुसता श्वास घेत होता. खोल, लांब, जोर लावून, जणू पन्हाळ्याच्या शेवटच्या चढावर आहे.

"असं कधीपासून होतंय?" मी वर्षाराणीला विचारलं.

"सकाळधरनं. पित्त झालंय म्हणत्यात. दोनदा उलटी झाली."

मी त्याच्याकडे जाणार, तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. लांब, न थांबणारा. मग जिन्यात पायताण करकरलं. खणखणीत वजनाचं पायताण! आणि दारात उदयसिंह. सहा फूट, मिशी, आणि इतक्या वर्षांचा राग नुकताच इस्त्री करून आणल्यासारखा.

"कुटं हाय ती लॅबवाली?"

"उदय, आत ये, बस," मी म्हणाले.

"बसायला आलो न्हाय! मी करणी केली व्हय? मी घातलं व्हय ह्याला काय? फेटा माझा सुटला, आनि इख पन मीच घालायचं?"

"घातलंच असशील!" आई पाटावरून उठली. "माझ्या लेकीनं ह्याच्या रक्तात बघितलंय!"

"रिपोर्ट दावा मग! लेखी दावा! कुटं लिवलंय माझं नाव?"

"तुझं नाव नाही रे," मी म्हणाले. "ती उपमा होती."

"कोन उपमा? तिला बी बोलवा!"

वर्षाराणीनं कपाटातून रिपोर्ट काढून त्याच्या हातात दिला. मी थांबवायच्या आत त्यानं तो खिडकीपाशी नेला, लांब धरला, आणि ओळीओळीवर बोट ठेवत खाली गेला. बोट एका जागी थांबलं. चेहरा काळवंडला.

"हितं तर हाय की!"

"काय आहे?"

"हे काय? अँटी... गॅड. पॉझिटिव्ह. गॅड म्हंजे गडहिंग्लज! आन् अँटी म्हंजे इरोधी, एवढं मला बी कळतं! आमचा सगळा तालुकाच घेतलासा व्हय रिपोर्टात?"

नेसरी गडहिंग्लज तालुक्यात येतं, हे मी सांगायला हवं. आणि गॅड हे स्वादुपिंडातल्या एका प्रथिनाचं नाव आहे, हे मी त्याला सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलं आणि मला हसू आलं. खरंच आलं. आयुष्यभर लाज वाटावी अशा वेळी आलं.

"गप बस रं उदय," दिवाणावरून अमर म्हणाला. शब्द जड येत होते. तो भिंत धरून उठला. "माझ्या घरात... माझ्या आईम्होरं आवाज..."

एक पाऊल टाकलं आणि तो कलला. उदयसिंहनं पुढं होऊन त्याला धरलं. दोघांची तोंडं समोरासमोर आली. उदयसिंहनं नाक मुरडलं.

"ह्यो तर टाकून बसलाय! दिवसाढवळ्या! आनि आळ माझ्यावर!"

"माळ हाय घरात!" आई किंचाळली. "थेंब न्हाय शिवत त्यो!"

"मग वास कसला मारतोय?"

मी जवळ गेले. अमरच्या तोंडाला वास होता. दारूचा नव्हता. जास्त पिकून आतून सडायला लागलेल्या फळाचा, नखांचा रंग पुसायच्या द्रवाचा. माझ्या प्रयोगशाळेत तो बाटलीत असतो आणि बाटलीवर 'ॲसिटोन' असं नाव असतं. माणसाच्या तोंडाला तो आला की त्याचा अर्थ मी पुस्तकात वाचला होता. इन्सुलिन नसलं की शरीर साखर वापरू शकत नाही. मग ते चरबी जाळतं, आणि त्या जाळण्याची राख रक्त आंबवते. तो लांब श्वास पित्ताचा नव्हता.

माझं हसू कुठं गेलं ते मला कळलं नाही.

"उदय, गाडी काढ. आत्ता."

"पर आधी ह्या रिपोर्टाचं—"

"तो मरेल."

मी हे आवाज न चढवता म्हटलं. तरी आई चपला शोधायला लागली.

उदयसिंहनं रिपोर्ट टाकला, वाकला आणि अमरला उचललं. उचलताना त्यानं जितका जोर लावला होता तेवढा लागलाच नाही. तो मागं झोकांडला. तसाच एक क्षण उभा राहिला, हातांवरच्या भावाकडे बघत.

"आक्का," तो म्हणाला, "तालमीत ह्यानं मला कधी उचलू दिलं न्हाय. एकदा बी न्हाय. ह्याचं झालं काय?"

मग तो जिना एका दमात उतरला.

दवाखान्यात पोचेपर्यंत अमर हाकेला ओ देईनासा झाला होता. गाडीत मागं वर्षाराणीच्या मांडीवर त्याचं डोकं, पुढं आई जोतिबाला, अंबाबाईला आणि मधेच उदयसिंहला हात जोडत होती, आणि उदयसिंह प्रत्येक सिग्नलला आपल्या आवाजात बाहेरच्यांना बाजूला व्हायला सांगत होता. हॉर्नची गरज पडली नाही.

आतल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, श्वास पाहिला, आणि मला माहीत होतं तेच सांगितलं. सलाईन आणि इन्सुलिन, दोन्ही ताबडतोब. कागद पुढं केला. आई म्हणाली, "सुई नको, त्याला न्हाय चालत." वर्षाराणीनं सासूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सही केली. आडनाव चौकटीबाहेर गेलं. मग ती नर्सला म्हणाली, "पर त्यांच्याम्होरं ते नाव घेऊ नका. उठून पळून जातील."

अमर दोन दिवस अतिदक्षता विभागात होता. त्या दिवसांत मी काय केलं ते आठवत नाही. उदयसिंह बाकावरून हलला नाही, एवढं आठवतं.

वॉर्डात आणलं तेव्हा अमर शुद्धीवर होता, पण वर्षाराणीची सूचना त्याच्या आधीच तिथं पोचली होती. कोल्हापूरची माणसं विनंती मोडत नाहीत. "दुपारचं त्ये दिलं का?" "त्ये जरा वाढवा." "त्ये फ्रिजमध्ये ठेवा!" सगळा वॉर्ड त्ये-त्ये करत होता. इंजेक्शन हा शब्दसुद्धा कुणी उच्चारेना. सुई सलाईनच्या नळीला लावायची ती त्याची पाठ वळली की. मला हे पटत नव्हतं. आजार माणसाचा, तर माहितीही त्याचीच. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळी येऊन मीच सांगतो.

अमर उशीला टेकून बसला होता. बोलताना श्वास तोडत नव्हता. "बघ आक्का! सलाईनवर भागलं की! तू उगंच सुई सुई करत हुतीस."

मी खिडकीबाहेर पाहिलं. मला खोटं बोलता येत नाही आणि गप्प बसणं मी त्याच आठवड्यात शिकत होते.

तेवढ्यात उदयसिंह आला. दाढी करून, धुतलेला सदरा घालून, हातात शहाळी. त्यानं ती कॉटखाली ठेवली, स्टूल ओढलं, आणि अमरच्या चेहऱ्याकडे बघून खरोखरच्या आनंदानं म्हणाला:

"आरं वा! इन्सुलिन चांगलंच मानवलं की तुला!"

वर्षाराणीनं डोळे मिटून घेतले. नर्स ट्रे घेऊन आली होती ती दारातूनच मागं फिरली.

"काय झालं?" उदयसिंह सगळ्यांकडे बघू लागला. "मी काय वाईट बोललो व्हय?"

अमरनं त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"आक्का. मला सुई लावली?"

"लावली. आल्यापासून चालू आहे."

"म्हंजे त्या दिवसाधरनं?"

"हो."

"आनि मी हाय की अजून."

"सुई आहे म्हणून आहेस."

त्यानं दोन्ही हात पांघरुणावर ठेवले आणि उलटसुलट करून पाहिले. वर्षाराणी रडायला लागली. "मी सही केलो. शिव्या घालायच्या तर मला घाला. आक्कांना काय बोलू नका."

त्यानं तिच्याकडे पाण्याचा पेला सरकवला. मग विचारलं, "आनि आबा?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, आणि त्याचं उत्तर मी कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ते आईच्या देखत सांगावं लागलं असतं. आई कॉटच्या पायथ्याशी बसली होती. तिनंच मान हलवली. सांग म्हणाली.

"आबा सुईनं गेले नाहीत, अमर. सुई उशिरा आली. आपण त्यांना उशिरा नेलं."

उदयसिंह अर्धवट उठला. "मी भाईर थांबू का?"

"बस," अमर म्हणाला. तो बसला.

"किती दिस घ्यायची ही, आक्का?"

"रोज. जन्मभर."

"आनि मग त्या मेल्याल्या पेशी?"

"त्या परत येणार नाहीत. त्यांचं काम सुई करेल."

मला एक चांगली उपमा सुचली होती. मी ती गिळून टाकली.

नर्स पुन्हा दारात आली. ट्रेवर कापड झाकलेलं होतं. तिनं वर्षाराणीकडे पाहिलं, वर्षाराणीनं माझ्याकडे, आणि मी ज्याचा प्रश्न होता त्याच्याकडे. अमरनं ट्रेकडे पाहिलं. चेहऱ्यावरचा नुकता आलेला रंग उतरला. त्या क्षणी मला वाटलं की तो आता म्हणणार, 'बघू'. त्याचे ओठ तसे हललेही.

"हिकडं आणा ते," तो म्हणाला. "झाकू नका. वर्षा, तू नको, तुझा हात कापतोय. आक्का, तू दाखीव कशी धरायची. आजपास्नं सुई माझी मी घेतो."